दर्यावरचे शिलेदार

मराठेशाहीच्या फौजेत घोडेस्वारांचे दोन वर्ग असत. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे आणि त्याचे हत्यारही सरकारचेच असे. शिलेदार मात्र स्वतःच्या पदरचे घोडे व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस रुजू होई, आणि त्या घोड्याचा दम किती, ते कोणत्या चढावर अडते, रात्री कशाने बुजते, याचे ज्ञानही तो घोड्याबरोबरच सरकारच्या कामी लावीत असे. शिवछत्रपतींनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले, त्यामागचे कारण उघड आहे. ज्याचे घोडे त्याच्याच मालकीचे, तो ऐन हातघाईच्या प्रसंगी शत्रूपेक्षा आपल्या घोड्याची चिंता अधिक वाहील, अशी धास्ती राज्यकर्त्याला वाटणे स्वाभाविक होते. तरीही पुढच्या काळात दूरदूरच्या मुलखांत ज्या स्वाऱ्या झाल्या, त्या शिलेदारांवाचून झाल्या नाहीत.

या ग्रंथाचा विषय घोड्यांचा नाही. युद्ध पेटल्यावर नौदलाने ज्या खासगी नौका आपल्या दप्तरी चढवल्या आणि किनाऱ्याच्या पहाऱ्यास तैनात केल्या, त्या श्रीमंतांच्या सहलीच्या नौका, मच्छीमारांच्या बोटी आणि व्यापारी कंपन्यांच्या लहान आगबोटी यांचा हा वृत्तांत आहे. परंतु या नौकांच्या कैफियती वाचताना शिलेदार आणि बारगीर हा भेद माझ्या मनातून कधी गेला नाही, कारण प्रत्येक प्रसंगी नौदलापुढे प्रश्न तोच होता: केवळ नौका घ्यावी, की नौकेबरोबर तिला ओळखणारा माणूसही घ्यावा, आणि घेतलाच तर त्याच्या शब्दाला किती किंमत द्यावी. माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. या नौकांनी शत्रूची जहाजे बुडवली ती बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांचे खरे मोल पाहण्यात आणि कळवण्यात होते, आणि जेथे जेथे हे मोल वाया गेले तेथे तेथे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत दोष नव्हता, ऐकणाऱ्याच्या कानांत होता.

या विषयाची ओढ मला लागली ती अपोलो बंदरावर. रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या पांढऱ्या शिडांच्या नौका बंदराच्या पाण्यात विहरत असलेल्या मी लहानपणी कठड्याला टेकून तासन्‌तास पाहत असे, आणि त्यांच्याच शेजारून भाऊच्या धक्क्याकडे निघालेला मासळीचा एखादा मचवा ओहोटीच्या पाण्यात खडप चुकवून असा काही नेमका वळे, की सुकाणूवर बसलेल्या त्या तांडेलाच्या डोक्यात समुद्राचा तळच आखलेला असावा, असे वाटे. पुढे आरमारांचे इतिहास वाचू लागल्यावर, या तांडेलाला आणि त्या शिडाच्या नौकेच्या धन्याला युद्धात कोणी काही विचारले होते काय, हे शोधण्याचा मला छंदच जडला.

खासगी नौका युद्धात येऊन नावलौकिक मिळवते याचे ठळक उदाहरण 1898 सालचे आहे. स्पेनशी युद्ध सुरू होताच अमेरिकेच्या नौदलाने जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराची ‘कॉर्सेअर’ ही आलिशान वाफेची नौका विकत घेतली, तिच्यावर हलक्या तोफा चढवल्या, ‘ग्लॉस्टर’ असे तिचे नवे नाव ठेवले आणि हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडालेल्या ‘मेन’ या युद्धनौकेवरून बचावलेल्या रिचर्ड वेनराइट या अधिकाऱ्याच्या ती स्वाधीन केली. 3 जुलै रोजी क्यूबातील सांतियागोच्या खाडीतून स्पेनचे आरमार बाहेर पडले, तेव्हा ज्या नौकेच्या बांध्याला चिलखताचा पत्राही नव्हता त्या नौकेने ‘फ्यूरोर’ आणि ‘प्लुतोन’ या दोन विनाशिकांशी जवळून झुंज घेऊन त्यांचा नाश होण्यास मोठा हातभार लावला, आणि पराभूत स्पॅनिश दर्यासारंग सर्वेरा यांना बंदिवान म्हणून त्याच नौकेवर आणण्यात आले. हा पराक्रम निःसंशय थोर. परंतु त्याने एक गैरसमजही मागे ठेवला. पुढच्या पिढ्यांतील उत्साही नौकास्वामींना वाटू लागले की, तोफ बसवली म्हणजे सहलीची नौका युद्धनौका होते.

डंकर्कची कथा मी या ग्रंथात जवळजवळ वगळली आहे, याबद्दल काही वाचक नाराज होतील. 1940 सालच्या मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी इंग्लंडच्या लहानमोठ्या खासगी नौकांनी त्या किनाऱ्यावरून सैनिक आणले. ‘टायटॅनिक’वरून वाचलेले अधिकारी चार्ल्स लाइटॉलर यांनी आपल्या ‘सनडाउनर’ या 58 फुटी नौकेत सव्वाशेहून अधिक जवान कोंबून इंग्लंडच्या धक्क्यास लावले, हे जगाला ठाऊक आहे आणि ते तसे ठाऊक असणे योग्यही आहे. पण ते एका आणीबाणीचे धाडस होते. पहारा ही वस्तू निराळी. पहाऱ्यावरचा माणूस आज जातो, उद्या जातो, महिनाभर जातो, आणि बहुतेक रात्री त्याला काहीही दिसत नाही. काहीही न दिसलेल्या रात्रींची नोंद वहीत चढवून तो पुन्हा त्याच पाण्यावर जातो. अशा कामाचे पोवाडे होत नाहीत, म्हणूनच त्याची नोंद कोणीतरी करावयास हवी, असे मला वाटत आले आहे.

या पहाऱ्याचा उपयोग काय, हे समजण्यासाठी त्या काळच्या पाणबुडीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडी ही खरे पाहता पाण्यावर चालणारी आणि प्रसंगी बुडी मारणारी नौका होती. पाण्याखाली ती विजेच्या घटांवर चाले. तेथे तिचा वेग मंद, आणि घट रिते झाले की वर येऊन डिझेलच्या एंजिनांनी ते भरून घेण्यावाचून तिला गत्यंतर नसे. हे घट भरण्याचे काम ती रात्री करी, आणि व्यापारी जहाजाच्या पुढे जाऊन दबा धरावयाचा तर तेही तिला पाण्यावरूनच, वेगाने पळत करावे लागे. आता अशा पाण्यात बिनतारी यंत्र असलेली एखादी क्षुद्र शिडाची नौका तरंगत असली, तर पाणबुडीच्या कप्तानासमोर दोन्हीकडून पेच पडतो: तोफ डागावी तर जागा उघड होते, पाणतीर खर्चावा तर इतक्या लहान शिकारीवर तो वाया जातो, आणि काहीच न करावे तर नौकेवरचा माणूस विमानाला बोलावणे धाडतो. मग तो बुडी मारतो. त्याचे घट अर्धे राहतात, त्याची शिकार निसटते. शिडाच्या नौकेला आणखी एक लाभ होता. तिचे एंजिन बंद ठेवता येई, त्यामुळे पाण्याखालचा आवाज टिपणारे श्रवणयंत्र लावून बसलेल्या माणसाच्या कानी स्वतःच्याच नौकेची घरघर येत नसे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे सत्य उमजावयास 1942 सालचे कित्येक महिने जावे लागले. जर्मन पाणबुड्यांची पहिली तुकडी जानेवारीत तेथे पोहोचली. 14 जानेवारीस हार्डेगेन या कप्तानाच्या ‘यू-123’ने लाँग आयलंडच्या जवळ ‘नॉर्नेस’ हे तेलवाहू जहाज बुडवले, आणि किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे तेव्हाही लखलखतच होते, इतके की त्या उजेडापुढून जाणाऱ्या जहाजांच्या काळ्या आकृती जर्मनांना आयत्याच दिसत. पहाऱ्याची जहाजे नौदलाजवळ अत्यल्प होती. क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या सभासदांनी, ज्यांनी वर्षानुवर्षे अटलांटिकवर शिडाच्या शर्यती मारल्या होत्या, मार्चमध्ये आपल्या तीस नौका कप्तानांसह देऊ केल्या. घोडे आणि स्वार दोन्ही एकत्र, असा हा खरा शिलेदारी अर्ज होता. तो लगेच मंजूर झाला नाही. मे महिन्यात नौदलाने आपले मत बदलले, आणि मग तटरक्षक दलाच्या छत्राखाली हा पहारा उभा राहिला. समुद्राचे पंधरा-पंधरा सागरी मैलांचे चौकोन आखून एकेक नौका एकेका चौकोनात नेमण्यात आली. वयामुळे वा प्रकृतीमुळे सैन्याने नाकारलेले पुरुष, महाविद्यालयांतील तरुण, जुने मच्छीमार अशी मिश्र मंडळी त्यांवर चढली. लोकांनी या ताफ्याला ‘हूलिगन नेव्ही’, म्हणजे गुंडांचे आरमार, असे टोपणनाव दिले, आणि त्यावरच्या माणसांनी ते आनंदाने स्वीकारले.

खरे सांगावयाचे तर पाणबुड्यांना त्या किनाऱ्यावरून हुसकावून लावण्याचे श्रेय प्रामुख्याने मे महिन्यापासून सुरू झालेल्या जहाजांच्या संरक्षित तांड्यांना आणि विमानांना जाते. शिडांच्या नौका आल्या तेव्हा वादळाचा भर ओसरू लागला होता. मार्चचा तो अर्ज मार्चमध्येच मंजूर झाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर आता कोणी देऊ शकत नाही, पण प्रश्न मात्र माझ्या मनातून हटत नाही.

त्या ताफ्यातील ‘झैदा’ या नौकेची हकीकत या ग्रंथात सविस्तर आली आहे. न्यूयॉर्कजवळच्या एका विख्यात शिडे बनवणाऱ्या घराण्याची ही नौका 1942 सालच्या डिसेंबरच्या आरंभी नँटकेट बेटाच्या बाजूला पहाऱ्यावर असताना वादळात सापडली. तिच्यावर नऊ माणसे होती. शोधासाठी जहाजे आणि विमाने धाडली गेली, ‘झैदा’ एकदा दिसली आणि पुन्हा हरवली. शिडे फाटली, अन्नपाणी सरत आले, आणि सुमारे तीन आठवडे वाहत जाऊन दक्षिणेस केप हॅटरसच्या बाजूस ती सापडली, तेव्हा नऊच्या नऊ माणसे जिवंत होती. शत्रूचे दर्शन त्यांना त्या तीन आठवड्यांत झाले नाही. पहाऱ्यावरच्या माणसाचा पहिला वैरी समुद्रच असतो, आणि त्या वैऱ्याशी झुंजण्याची विद्या या नौकांनी शांततेच्या काळात, केवळ हौसेपोटी, कमावलेली होती.

हीच गोष्ट शत्रूच्या बाजूनेही पाहिली पाहिजे. जपानने आपल्या बेटांच्या पूर्वेस शेकडो मैलांवर मच्छीमार बोटींची एक पहारेकरी रांग ठेवली होती. 18 एप्रिल 1942 रोजी सकाळी ‘निट्टो मारू क्रमांक 23’ या सुमारे सत्तर टनांच्या बोटीला अमेरिकेचे विमानवाहू आरमार दिसले. त्याच आरमारावरून अमेरिकन वैमानिक डूलिटल यांची सोळा बॉम्बफेकी विमाने टोकियोकडे निघावयाची होती. बोटीने बिनतारी संदेश धाडला आणि थोड्याच वेळात ‘नॅशव्हिल’ या क्रूझरच्या तोफांनी ती बुडाली. त्या एका संदेशामुळे अमेरिकनांना ठरलेल्या जागेपेक्षा पुष्कळ दुरून विमाने सोडावी लागली, आणि चीनपर्यंत पोहोचताना त्यांचे इंधन संपले. परंतु टोकियोत तो संदेश वाचणाऱ्यांनी हिशेब मांडला तो नेहमीच्या, थोड्या पल्ल्याच्या विमानांचा, आणि हल्ला दुसऱ्या दिवसावर ढकलला. विमाने त्याच दुपारी शहरावर आली. मच्छीमारांनी प्राण देऊन धाडलेली खबर पोहोचली होती, पण पुरती ऐकली गेली नव्हती.

आता सिडनी. या ग्रंथाचा मध्यभाग मी सिडनीच्या एका रात्रीला दिला आहे, आणि तो मुद्दाम दिला आहे.

तेथील बंदराच्या पहाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने धनिकांच्या मोटारनौका ताब्यात घेऊन त्यांच्यावर मशीनगन आणि डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठराविक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे, बसवली होती. ‘लॉरियाना’, ‘सी मिस्ट’, ‘स्टेडी अवर’, ‘यारोमा’, ‘लोलिता’ ही त्यांची नावे अजूनही सहलीचीच होती, आणि त्यांच्या देखणेपणामुळे लोक त्यांना ‘हॉलिवुड फ्लीट’ म्हणत. 31 मे 1942च्या रात्री तीन जपानी छोट्या पाणबुड्या, प्रत्येकीत दोन माणसे, बंदरात शिरू लागल्या. पाण्याच्या तळाशी अंथरलेल्या विद्युत्तारांनी पहिलीची चाहूल आठच्या सुमारासच दिली होती; पण त्या वेळी बंदरात नागरी बोटींची वर्दळ एवढी होती की, ती खूण कोणी गंभीरपणे घेतली नाही. सव्वाआठला बंदर खात्याचा जेम्स कारगिल नावाचा पहारेकरी, ज्याच्याजवळ केवळ वल्ह्याची एक होडी होती, संरक्षक जाळ्यात काहीतरी अडकलेले पाहून थबकला. तो होडी वल्हवीत त्याच्याजवळ गेला, निरखून पाहिले, आणि मग ‘यारोमा’पर्यंत वल्हवीत जाऊन त्याने वर्दी दिली.

ती वर्दी नौदलाच्या मुख्यालयी दहा वाजण्यास काही मिनिटे असताना पोहोचली. मधल्या दीड तासाचा हिशेब मी पुढे पानोपानी मांडला आहे, तो कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे म्हणून मांडलेला नाही. जाळ्यात पाणसुरुंग असेल अशी रास्त भीती ‘यारोमा’च्या कप्तानाला वाटत होती, आणि त्याची तालीमही पुरती झालेली नव्हती. ‘लोलिता’ पुढे सरसावली व तिने डेप्थ चार्ज टाकले, पण ते फुटलेच नाहीत. पाण्याच्या दाबाने पेटणारे ते अस्त्र, आणि जाळ्यापाशी पाणी इतके उथळ, की त्यांना हवा तेवढा दाब मिळालाच नाही. खोल समुद्रासाठी घडवलेले हत्यार उथळ बंदराच्या नौकेवर तसेच ठेवले गेले होते, आणि त्या पाण्याची खोली वावेवावेने ठाऊक असणाऱ्या कोणाही मच्छीमाराने हे आधीच सांगितले असते. साडेदहा वाजून गेल्यावर, ‘यारोमा’ गोळी झाडण्याच्या परवानगीची वाट पाहत असतानाच, पाणबुडीतल्या दोघांनी स्वतःचे स्फोटक पेटवून प्राण दिले.

मध्यंतरी दुसरी पाणबुडी आत शिरली होती. तिने ‘शिकागो’ या अमेरिकन क्रूझरवर सोडलेला पाणतीर हुकला आणि मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने ‘कुट्टाबुल’ या, पूर्वी प्रवासी वाहतुकीच्या आणि आता खलाशांचे वसतिस्थान झालेल्या फेरीबोटीखाली फुटला. झोपेतले 21 नाविक मेले. तिसऱ्या पाणबुडीचा शेवट मात्र या मोटारनौकांच्या हातून झाला. पहाटे टेलर्स बेच्या पाण्यात ‘सी मिस्ट’ने तिच्यावर दोनदा डेप्थ चार्ज टाकले, दुसऱ्या स्फोटाच्या धक्क्याने खुद्द ‘सी मिस्ट’चेच एक एंजिन निकामी झाले, आणि मग ‘स्टेडी अवर’ व ‘यारोमा’ यांनी उजाडल्यावरही कित्येक तास ते पाणी घुसळून काढले. लाकडी बांध्याच्या, कुटुंबासह रविवार घालवण्यासाठी घडवलेल्या या नौकांच्या वाट्याला आलेले हे यश आहे, आणि ते मी कमी लेखणार नाही. पुढे पाणबुड्यांतून काढलेल्या चार जपानी नाविकांच्या देहांना सिडनीच्या नौदल प्रमुखांनी लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार दिला. त्याबद्दल त्या वेळी त्यांच्यावर टीका झाली, पण मला ते कृत्य उमदेपणाचे वाटते.

कॅनडाचा प्रकार निराळा, आणि तो थोडक्यात सांगतो. तेथील नौदलाला 1940 साली अमेरिकेतून मोठ्या सहलनौका हव्या होत्या, पण तटस्थ अमेरिकेचा कायदा आडवा येत असल्याने कॅनडातील खासगी नौकास्वामींना पुढे करून त्या खरेदी केल्या गेल्या आणि त्यांना प्राण्यांची नावे देण्यात आली. यांतली ‘रॅकून’ 7 सप्टेंबर 1942 रोजी सेंट लॉरेन्सच्या आखातात एका तांड्याच्या रक्षणास असताना ‘यू-165’च्या पाणतिराने फुटली, आणि तिच्यावरच्या 37 जणांपैकी एकही वाचला नाही.

आपल्या किनाऱ्याचा या कथेशी असलेला संबंध अनेकांना ठाऊक नाही. रॉयल इंडियन नेव्हीनेही खासगी कंपन्यांच्या, किनाऱ्यालगत चालणाऱ्या आगबोटी घेऊन त्यांना सहायक पहाऱ्याच्या कामास लावले होते. त्यांपैकी ‘प्रभावती’ डिसेंबर 1941मध्ये अरबी समुद्रात लहान बोटी ओढून नेत असताना, रात्रीच्या अंधारात ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरने तिला शत्रूची पाणबुडी समजून तोफांनी बुडवली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला जेमतेम एक दिवस लोटला होता आणि समुद्रावर प्रत्येक सावली जपानी वाटत होती. त्या आगबोटीवरच्या खलाशांना आपण कोणाच्या हातून मेलो, हेदेखील कळले नसेल. त्यांचे स्मरण आपल्याकडे फारसे कोणी करीत नाही, म्हणून तिच्यावरचे प्रकरण लहान असले तरी ते मी या ग्रंथात आग्रहाने ठेवले आहे.

इंग्लंडने आपल्या पहाऱ्यावरच्या माणसांची आठवण अधिक जपली. लोस्टॉफ्ट या मच्छीमारी गावातील ‘स्पॅरोज नेस्ट’, म्हणजे चिमणीचे घरटे, नावाच्या सार्वजनिक बागेत ब्रिटिश नौदलाच्या पहारा दलाचे ठाणे होते. मच्छीमार बोटी आणि सहलनौका यांवर काम करणारी हजारो माणसे त्या बागेतून समुद्रावर गेली, आणि ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर लाभली नाही अशा 2,385 जणांची नावे आज त्याच गावातल्या स्मारकावर आहेत.

शेवटचे प्रकरण कालक्रमाने पहिल्या महायुद्धाचे आहे, तरी मी ते शेवटी ठेवले. ‘आयोलेअर’ ही 1881 साली खासगी सहलीसाठी बांधलेली वाफेची नौका युद्धात ब्रिटिश नौदलाच्या पहाऱ्याच्या चाकरीत होती. युद्ध संपले, 31 डिसेंबर 1918च्या संध्याकाळी स्कॉटलंडच्या काइल या बंदरातून ती लुइस बेटाच्या शेकडो नाविकांना नववर्षासाठी घरी घेऊन निघाली. त्यांतले कितीएक जण पिढीजात मच्छीमार होते आणि स्टॉर्नोवे बंदराचे तोंड त्यांना आपल्या घराच्या उंबऱ्याइतके परिचित होते, पण त्या रात्री ते प्रवासी होते. सुकाणू दुसऱ्यांच्या हाती होते. जवळून चाललेल्या एका मच्छीमार बोटीवरच्या लोकांना तिची दिशा चुकलेली दिसत होती. पहाटे दोनच्या सुमारास ती ‘बीस्ट्स ऑफ होम’ या खडकांवर आदळली. किनारा जेमतेम वीस यार्डांवर होता. 201 माणसे बुडाली, 79 वाचली. वाचलेल्यांपैकी सुमारे निम्मे एकाच दोरावरून किनाऱ्यास आले, आणि तो दोर घेऊन त्या काळोख्या लाटांतून पोहत गेलेला जॉन फिन्ले मॅक्लाऊड हा त्याच बेटाच्या उत्तर टोकाचा, नेस गावचा होड्या बांधणारा कारागीर होता.